‘लायसन्स नको, पासिंग नको’ म्हणून घेतलेली चारचाकी

भाच्याने मोटरवरचं स्टिकर नखाने उचकटलं तेव्हा मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. स्टिकरवर ‘२५० वॅट’ छापलेलं. त्याखाली पत्र्याची छोटी पट्टी, दोन रिबिटांनी पक्की बसवलेली, आणि तिच्यावर उठवलेला आकडा १५००. भाचा कराडमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, रोज हेच काम करतो. तो हळूच म्हणाला, "मामा, ही गाडी परत रस्त्यावर काढू नका." गाडी येऊन तेव्हा १९ दिवस झाले होते, आणि १ लाख ६५ हजार रुपये कधीच हातातून गेले होते.

मी ६६ वर्षांचा, निवृत्त. जन्मभर स्कूटर चालवली, त्यामुळे लायसन्स फक्त दुचाकीचं. दोन वर्षांपूर्वी हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि तेव्हापासून स्कूटरवर मागे बसणं तिला जमत नाही. फिजिओथेरपी, बँक, लेकीचं घर, सगळं रिक्षावर आलं. पावसात रिक्षा मिळाली नाही की ती दारात पिशवी घेऊन उभी राहायची आणि शेवटी "राहू दे आज" म्हणून आत यायची. ते "राहू दे आज" मला फार लागायचं. त्याच दिवसांत मोबाइलवर ती जाहिरात आली.

दोन माणसांची छोटी गाडी. छत, दारं, काचा, पुढे वायपर. खाली मोठ्या अक्षरांत: ना लायसन्स, ना पासिंग, ना इन्शुरन्स, ज्येष्ठ नागरिकांसाठी खास. फोनवरचा मुलगा मराठीत, अगदी अदबीने बोलला. "काका, काकूंना घेऊन जेवढं फिरायचं तेवढं फिरा." मी काही लगेच पैसे पाठवले नाहीत. आरटीओचं काय, हे मी त्याला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तरात थोडं खरं होतं. म्हणूनच मी फसलो, आणि म्हणूनच ती उत्तरं इथे सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा तो म्हणाला, सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांना पासिंगमधून सूट दिली आहे. यातलं खरं एवढंच, की ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने बॅटरीवरच्या गाड्यांची नोंदणी फी माफ केली. फी माफ झाली, नोंदणी नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना हिरवी नंबरप्लेट असते ती नोंदणी होते म्हणूनच, हे मला कळायला हवं होतं. रोज डोळ्यांसमोरून जातात त्या.

दुसऱ्यांदा तो म्हणाला, २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असलं की कायद्याने ते मोटार वाहनच नाही. असा नियम आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, आणि बिनलायसन्सच्या छोट्या इलेक्ट्रिक स्कूटर त्यावरच चालतात. पण त्यातली वजनाची अट तो गाळून बोलला. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या वर नको, आणि हे सगळं सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून दाखला दिलेला हवा. त्याच्याच माहितीपत्रकात माझ्या गाडीचं वजन ३२० किलो लिहिलं होतं! चार चाकं, छत आणि दारं असलेली गाडी ६० किलोत बसणारच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतून फार थोडी वाहनं वगळली आहेत. त्यात २५ सीसीपर्यंतच्या छोट्या इंजिनाची गाडी आहे, पण तिथेही शब्द आहेत ‘चारपेक्षा कमी चाकं’. म्हणजे चार चाकं आली की ती पळवाटही बंद.

दाखला मी मागितला होता, हेही सांगायला हवं. त्याने पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेच्या नावाचा कागद व्हॉट्सअॅपवर पाठवला. शिक्का, सही, सगळं होतं. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसत होती, म्हणून मी शिक्का पाहून समाधान मानलं. पुढे मुलीने तो मोठा करून छापून आणला, तर वाहनाच्या प्रकारापुढे लिहिलेलं: दुचाकी. कुठल्यातरी स्कूटरचा कागद त्याने माझ्या गाडीला जोडला होता.

तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, युरोपात १४ वर्षांची पोरं या गाड्या चालवतात." हेही खोटं नाही. फ्रान्समध्ये ताशी ४५ किलोमीटरपर्यंतच्या हलक्या चारचाकींना लोक बोलताना बिनपरवान्याच्या गाड्या म्हणतात. १४ वर्षांच्या मुलाला थोडं प्रशिक्षण घेऊन त्या चालवता येतात, आणि १ जानेवारी १९८८ च्या आधी जन्मलेल्याला तेवढंही लागत नाही. पण नंबरप्लेट आणि विमा तिथेही सक्तीचा आहे, आणि एप्रिल २०२४ पासून त्या गाड्यांची ठरावीक काळाने तांत्रिक तपासणीही करावी लागते. शिवाय फ्रान्सचा कायदा कराडच्या रस्त्यावर लागू होत नाही, हा साधा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. भाच्याच्या मते माझी गाडी बनावटीने चिनी आहे. तिकडे अशा कमी वेगाच्या गाड्या म्हातारी माणसं सर्रास वापरायची, आणि १ जानेवारी २०२४ पासून बीजिंग शहराने त्या रस्त्यावर आणायलाच बंदी केली.

२१ हजार यूपीआयने, बाकीचे १ लाख ४४ हजार एनईएफटीने. आठव्या दिवशी टेम्पोतून गाडी आली. शेजारपाजारचे बघायला आले, हिने नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. पहिल्या दिवशी कृष्णेच्या घाटावर गेलो, प्रीतिसंगमावर. ही खिडकीची काच खाली करून वारा घेत बसली होती. पुढचे १८ दिवस तिने एकदाही "राहू दे आज" म्हटलं नाही.

बिल मी फाइलला लावलं होतं, वाचलं नव्हतं. त्यात गाडीचं वर्णन होतं ‘बॅटरीवर चालणारी कार्ट’, आणि पाठीमागे अगदी बारीक अक्षरांत: ‘फक्त खासगी आवारात वापरण्यासाठी. सार्वजनिक रस्त्यावरील वापरास विक्रेता जबाबदार नाही.’ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच चालेल अशा खास बनावटीच्या वाहनाला कायद्यात खरोखर सूट आहे. तोंडाने रस्त्यावर फिरा म्हणायचं आणि कागदावर आवारात फिरा लिहायचं, ही त्यांची सुटकेची वाट आधीच आखलेली होती.

अठराव्या दिवशी दत्त चौकाजवळ वळताना एका मोटारसायकलला माझी गाडी घासली. मुलगा पडला, गुडघा सोलवटला, फूटरेस्ट वाकलं. त्याचे वडील आले. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, "इन्शुरन्सचे पेपर द्या." माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. औषधपाणी आणि दुरुस्तीचे ८,५०० रुपये मी दिले आणि ते समजुतीने गेले. रात्री ओळखीच्या विमा एजंटला फोन केला. तो म्हणाला, चेसिस नंबर सांगा. गाडीवर चेसिस नंबरच नव्हता, सीटखाली नुसता रंग मारलेला पत्रा. मग त्याने जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा नसताना कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई गाडीच्या मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची. घर विकावं लागलं तरी. तो मुलगा नुसता गुडघ्यावर पडला, डोक्यावर पडला असता तर? आजही मी त्या वळणावरून जाताना थांबतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं, त्याने ते स्टिकर काढलं. मग आरटीओत गेलो. तिथल्या साहेबांनी नीट बसवून समजावलं की फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला, हे दोन्ही नसतील तर पासिंग होऊच शकत नाही. आता नाही आणि पुढेही नाही. आपल्याकडे छोट्या हलक्या चारचाकींचा क्वाड्रिसायकल नावाचा वेगळा वर्ग आहेच, वाळूजची बजाजची क्यूट त्यातलीच, आणि २०१८ पासून ती खासगी वापरालाही चालते. पण तिलाही नंबर लागतो, विमा लागतो, चालवणाऱ्याला लायसन्स लागतं.

विक्रेत्याचा फोन तोवर लागत होता. ‘पासिंग होत नाही’ म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, बिलाच्या मागे वाचा." त्यानंतर नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन महिना होत आला होता, खात्यात काही उरलं नव्हतं. पहिल्या काही तासांत फोन केला तरच रक्कम रोखता येण्याची आशा असते. जीएसटी पोर्टलवर बिलावरचा नंबर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे देण्याआधीच बघता येतं. रजिस्टर्ड नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत आली. शेवटी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. वय झालं म्हणून कुणी गप्प बसू नये, वकील न लावताही अर्ज करता येतो.

तुमच्या घरात कुणी अशी गाडी घ्यायला निघालं असेल, तर विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबू नका, त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. त्या गाडीचं मॉडेल आपल्या विमा एजंटला सांगा आणि थर्ड पार्टीचा हप्ता किती येईल ते विचारा. त्याच मॉडेलच्या, आपल्या राज्यात पासिंग झालेल्या एका तरी गाडीचा नंबर विक्रेत्याकडे मागा आणि सरकारच्या एमपरिवहन अॅपवर टाकून बघा. मी एवढं केलं असतं तर पैसे वाचले असते, आणि हिचं मन मोडलं नसतं.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. विकून टाका म्हणणारे बरेच भेटले. दोघेजण ८० हजार द्यायलाही तयार होते, "आम्ही बघू आरटीओचं" म्हणत. मी दिली नाही. ते स्टिकर प्लास्टिकच्या पाकिटात घालून बिलाबरोबर फाइलमध्ये ठेवलंय, पुढच्या तारखेला आयोगापुढे ठेवणार आहे. त्याच्या मागच्या गोंदाला मोटरवरचा काळा रंग अजून चिकटलेला आहे.