वायरलेस गिटार संच: किंमत नंतर, आधी फ्रिक्वेन्सी पाहावी

कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवतो. गणेशोत्सवात मंडळांचे कार्यक्रम, लग्नसराईत मंगल कार्यालये आणि अधूनमधून शाहू स्मारक भवनासारख्या बंदिस्त सभागृहातले प्रयोग, असा आमचा वर्षाचा क्रम असतो. गेले दोन गणेशोत्सव आणि एक अख्खी लग्नसराई मी बॉस कंपनीचा डब्ल्यूएल-२०एल हा वायरलेस संच, म्हणजे वायरीऐवजी वाद्याला लावायचा ट्रान्समीटर आणि अँपला (आवाज मोठा करणाऱ्या पेटीला) लावायचा रिसीव्हर, वापरत आहे, आणि आमचा गिटारवादक त्याच मालिकेतला डब्ल्यूएल-२० वापरतो. हे परीक्षण मुख्यतः या दोन संचांचे आहे. मात्र त्यांच्या आवाजाबद्दल लिहिण्याआधी ते कोणत्या लहरींवर चालतात हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पहिला संच घेताना हाच प्रश्न मी विचारला नव्हता आणि त्याची किंमत ऐन कार्यक्रमात मोजली.

तो पहिला संच जुना होता. ओळखीतून, निम्म्याहून कमी पैशांत मिळाला म्हणून घेतला. पट्ट्याला अडकवायच्या ट्रान्समीटरच्या पाठीवर एक पिवळट पडलेले स्टिकर होते आणि त्यावर ७४० पासून पुढचे मेगाहर्ट्झचे आकडे छापलेले होते. त्या आकड्यांचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. घरी आवाज स्वच्छ येत होता, तालमीतही येत होता. राजारामपुरीतल्या एका मंडळासमोर मात्र तिसऱ्याच गाण्याला अँपमधून टर्रर्र असा तुटक आवाज सुरू झाला, मध्येच बेस पूर्ण गायब होऊ लागला आणि ढोलकी एकटी पडली. साऊंडवाल्याने मिक्सरवरून माझा चॅनल बंद केला आणि मंचाच्या कडेला येऊन एवढेच सांगितले, "मास्तर, वायर लावा, वायर." उरलेला कार्यक्रम मी अँपला खेटून उभा राहून वाजवला.

त्या स्टिकरवरचे आकडे आज वाचले तर तो संच मी हातातही घेणार नाही. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे त्या आकड्याच्या आसपासच्या लहरी, आता मोबाईल सेवेचा आहे: ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झमध्ये फोन बोलतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये मनोरे उत्तर देतात. भारतात या पट्ट्याचा २०२२ च्या लिलावात व्यवहार झाला. अमेरिकेत तर २०१० च्या जूनपासूनच ७०० च्या पट्ट्यात वायरलेस माईक आणि गिटार संच वापरायला बंदी आहे, आणि जुलै २०२० पासून ६०० मेगाहर्ट्झचा मोठा भागही त्यांना बंद झाला. असे बाद झालेले संच जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले तर नवल नाही, आणि आपल्याकडच्या घेणाऱ्याला ते 'परदेशी माल' म्हणून भारी वाटतात. परंतु ज्या लहरींवर आपला हक्कच नाही, तिथे खरखर आली म्हणून तक्रार करायलाही जागा राहत नाही; उलट नियम मोडणारे आपणच ठरतो.

गिटार आणि बेस वाजवणाऱ्यांसाठी सरळ वाट २.४ गिगाहर्ट्झची आहे. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त झाला, त्यामुळे ठरलेल्या मर्यादेतल्या कमी शक्तीच्या उपकरणासाठी वापरणाऱ्याला वेगळा परवाना काढावा लागत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टेही २०१८ च्या अधिसूचनेने तसेच मोकळे झाले, म्हणून ५.८ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांचाही विचार करता येतो. मात्र पट्टा मोकळा आहे म्हणजे कोणताही डबा चालतो, असे नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून उपकरण प्रकाराची मान्यता, म्हणजे ज्याला ईटीए म्हणतात ती, मिळालेली असावी लागते. अधिकृत आयातदाराकडून आलेल्या मालाबाबत विक्रेता हे कागद दाखवू शकतो. मी मागितले तेव्हा दुकानदाराने आधी आश्चर्याने पाहिले, मग कंपनीच्या माणसाला फोन लावून दोन दिवसांत माहिती आणून दिली. पाऊच-पट्ट्यांच्या गठ्ठ्यात विकल्या जाणाऱ्या नाव नसलेल्या संचांबाबत हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर आले नाही तर तेच उत्तर समजावे.

मोकळ्या पट्ट्याची अडचण अशी, की तो सगळ्यांसाठीच मोकळा आहे. वायफाय तिथेच आहे, ब्लूटूथ तिथेच आहे, आणि हल्ली मंचावरच्या एलईडी पार दिव्यांना वायरीशिवाय हुकूम देणारी डीएमएक्स ही यंत्रणाही बहुधा तिथेच असते. यावर डब्ल्यूएल-२० मालिकेत केलेली सोय मला फार आवडली. ट्रान्समीटर रिसीव्हरमध्ये खोचून दहाएक सेकंद ठेवला, की संच आसपासच्या लहरी तपासून मोकळा चॅनल स्वतः निवडतो. बटणे नाहीत, आकडे नाहीत, कार्यक्रमाच्या गडबडीत चुकायला वाव नाही. एक गोष्ट मात्र अनुभवाने शिकलो: ही तपासणी दुपारी रिकाम्या मंगल कार्यालयात, साऊंडचेकच्या वेळी करून थांबू नये. तेव्हा हॉलमध्ये दिवे लावणारी माणसे, आचारी आणि आपणच असतो. संध्याकाळी सातशे-आठशे लोक खिशात फोन घेऊन बसले, लाईटवाल्याने त्याचे ट्रान्समीटर चालू केले, व्हिडिओवाल्याने स्वतःचे वायफाय सुरू केले, की हवेचे चित्रच पालटते. म्हणून पडदा उघडायच्या दहा मिनिटे आधी मी दोन्ही भाग पुन्हा एकमेकांत खोचतो. आमच्या गिटारवादकालाही ही सवय लावली, आणि दोन संच शेजारी चालत असूनही एकमेकांच्या वाटेत आले नाहीत.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ती कोणत्याही कंपनीच्या २.४ गिगाहर्ट्झ संचाला लागू आहे. या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर असते, आणि माणसाच्या अंगातले पाणी तिला शोषून घेते. ६०० मेगाहर्ट्झची लहर अर्धा मीटर लांब असल्याने माणसाला वळसा घालून सहज पुढे जाते. ही तशी जात नाही. पेटीवर 'पन्नास फूट' लिहिलेले असते ते मधे काहीही नसताना. वादकाने प्रेक्षकांकडे तोंड केले, रिसीव्हर मागे अँपच्या पाठीला लोंबकळत राहिला आणि मधे ड्रमसेट, कोरसच्या चार मुली आणि खुद्द वादकाची पाठ आली, तर त्या पन्नास फुटांचे काय होणार हे सांगायला नको. डब्ल्यूएल-२० चा रिसीव्हर लहान असल्यामुळे तो मी छोट्या जोडवायरीने अँपच्या वर, पुढच्या कडेला आणून ठेवतो, जेणेकरून मी मंचावर कुठेही गेलो तरी त्याला गिटार दिसेल. अँप मागच्या भिंतीला टेकलेले असेल तर मी रिसीव्हर मंचाच्या बाजूच्या स्टँडवर कमरेच्या उंचीला बांधतो. एवढी काळजी घेतल्यावर शाहू स्मारकच्या मंचावर आणि तीन उघड्या मैदानांवर माझा बेस एकदाही तुटला नाही.

आवाजाबद्दल सांगायचे, तर दोन्ही संचांतला फरक समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. साध्या, बॅटरी नसलेल्या पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या भागाच्या) गिटारला लांब वायर जोडली की वायरीची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, आवाजाचा वरचा टोकदार भाग थोडा खाते, आणि वर्षानुवर्षे वायरीनेच वाजवणाऱ्याच्या कानाला तोच आवाज 'गिटारचा आवाज' म्हणून ओळखीचा झालेला असतो. वायरलेस लावताच गिटार एकदम पातळ आणि कर्कश वाटते, ती यामुळे. डब्ल्यूएल-२० मध्ये वायरीचा तो परिणाम मुद्दाम घातलेला आहे, त्यामुळे आमच्या गिटारवादकाला पेडलचा (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या डबीचा) एकही नॉब हलवावा लागला नाही. डब्ल्यूएल-२०एल मध्ये तो परिणाम नाही. माझ्या बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्रीअँप (वाद्यातच आवाजाचा सिग्नल वाढवणारे सर्किट) आहे, अशा ॲक्टिव्ह वाद्यावर वायरीचा फरक तसाही नगण्य असतो, म्हणून मला एल हाच योग्य. दुकानात दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्या दिसतात, तेव्हा अक्षर वाचूनच घ्यावी.

बेसवाल्यांना वायरलेसबद्दल जी खरी भीती असते ती खालच्या स्वरांची. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर असते, पाच तारांच्या बेसची ३१ हर्ट्झवर. जुन्या ॲनालॉग संचांत आवाज आधी दाबून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा फुलवायचा अशी पद्धत असे, आणि जाड तार जोरात ओढली की आवाज दम लागल्यासारखा वरखाली व्हायचा. डिजिटल संचात हा प्रकार नाही. मी घरी एकाच अँपला एकदा वायर आणि एकदा हा संच लावून, डोळे मिटून बायकोला अदलाबदल करायला सांगितले. मोकळी जाड तार सोडल्यावर मला दोन्हींत निवड करता आली नाही. आवाज पोहोचायला लागणारा वेळ २.३ मिलिसेकंद आहे. हवेतून आवाज एका सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हा उशीर अँपपासून पाऊण मीटर मागे सरकल्याइतकाच. ढोलकीबरोबर ताल धरताना तो जाणवत नाही.

बॅटरी आतच बसवलेली आहे. चार्ज केल्यावर ट्रान्समीटर बारा तास आणि रिसीव्हर दहा तास चालतो असे कंपनी सांगते, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो तिथे आमच्या कामाला हे पुरून उरते. तरी चालू कार्यक्रमात सेल बदलता येणार नाही हे ध्यानात ठेवावे. ज्यांना बॅगेत नेहमी पेन्सिल सेल बाळगून निर्धास्त राहायचे आहे, त्यांच्यासाठी याच कंपनीच्या डब्ल्यूएल-६० चा कमरेला लावायचा ट्रान्समीटर अधिक सोयीचा.

इतर पर्यायांपैकी सेनहायझरचा एक्सएसडब्ल्यू-डी वापरायला अतिशय साधा आहे, उशीर चार मिलिसेकंदांच्या आत, पण बॅटरी पाचच तासांची. दुपारच्या साऊंडचेकनंतर तो पुन्हा चार्जिंगला लावणे आलेच. एक्सव्हाइव्हचा यू२ स्वस्त आहे आणि शिकणाऱ्याला किंवा भजनी मंडळाबरोबर वाजवणाऱ्याला चालेल, मात्र त्याचे चारच चॅनल आहेत आणि ते हाताने निवडावे लागतात, म्हणून गर्दीच्या मंचासाठी मी तो सुचवणार नाही. शूरचा जीएलएक्सडी१६ प्लस हा २.४ आणि ५.८ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालतो, अडथळा आला की स्वतःहून जागा बदलतो, त्याची बॅटरी काढून दुसरी घालता येते आणि रिसीव्हर पेडलच्या रूपात असून त्यात ट्यूनरही आहे. महिन्याला पंधरा-वीस कार्यक्रम करणाऱ्या व्यावसायिकाने तिकडे वळावे. आमच्यासारख्यांना तो खर्च झेपत नाही.

दुकानात जाताना स्वतःचे वाद्य बरोबर न्यावे. स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या गिटारची जॅकची जागा खोलगट असते, तिथे जाड ट्रान्समीटर पुरता बसत नाही आणि उडी मारली की सैल होतो. ॲक्टिव्ह बेस असेल तर तो चालू करून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, जाड तार जोरात ओढून आवाज फाटतो का ते तिथेच ऐकावे. पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी घ्यावी. नाव नसलेल्या संचापेक्षा किमान तिप्पट पैसे जातात, तरी मी ते पुन्हा देईन.

सहा मीटरची वायर मात्र अजूनही प्रत्येक कार्यक्रमाला अँपच्या हँडलला गुंडाळलेली असते, तिचे एक टोक आधीच दुसऱ्या इनपुटमध्ये खोचलेले.