वेर्ण्याकडच्या एका एजन्सीची पाइप-वेल्डची यूटी सेवा: कुठे बोलवावी, कुठे नको

काम होतं कुंडईच्या एका कारखान्यातल्या थर्मिक फ्लुइड (गरम तेलाच्या) लाइनचं. कार्बन स्टीलचा ८ इंची शेड्यूल ८० पाइप, म्हणजे बाहेरचा व्यास २१९.१ मिमी आणि भिंत १२.७ मिमी. रेडिओग्राफी करायची तर इरिडियमचा किरणोत्सारी सोर्स, अणुऊर्जा नियामक मंडळाचे (एईआरबी) नियम, आसपासचा भाग रिकामा करणं आणि बहुतेक रात्रीचंच काम. शेजारी उत्पादन चालू असताना ते जमणारं नव्हतं, म्हणून बट (टोकाला टोक) जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी, म्हणजे यूटी, ठरली. निकष एएसएमई बी३१.३ या पाइपिंगच्या संहितेचा. अशा कामाला ही एजन्सी जरूर बोलवावी. एक गोष्ट मात्र आपणच उभं राहून करून घ्यावी लागते, ती पुढे लिहिली आहे.

पहिला चांगला गुण म्हणजे माणसं पाठवण्याआधी त्यांनी त्याच पाइपचा तुकडा मागून घेतला. त्यात आतून आणि बाहेरून, भिंतीच्या जाडीच्या सुमारे १० टक्के खोल खाचा पाडून त्यावर डीएसी वक्र (कुठल्या खोलीला एको किती मोठा येतो याची संदर्भरेषा) काढला. बऱ्याच ठिकाणी फक्त व्ही-१ किंवा व्ही-२ हा ठराविक कॅलिब्रेशन ब्लॉक घेऊन माणूस हजर होतो. त्या ब्लॉकवर रेंज बसते, प्रोबचा (ध्वनी सोडून परतलेला एको पकडणारा भाग) इंडेक्स, म्हणजे बीम बाहेर पडायची जागा, आणि कोन तपासता येतो, पण या पाइपच्या वक्र पृष्ठावर किती डीबीला दोष धरायचा हे त्यावरून ठरत नाही. संदर्भ ब्लॉकच नसेल तर अहवालातल्या ‘स्वीकार्य’ला अर्थ उरत नाही.

प्रोबची निवडही विचारपूर्वक केलेली दिसली. ४ मेगाहर्ट्झ, ८×९ मिमी क्रिस्टल, ७० आणि ६० अंश. १२.७ मिमी भिंतीत ४५ अंशाच्या प्रोबचं अर्धं स्किप अंतर (बीम आतल्या पृष्ठाला लागेपर्यंत तो आडवा जितका सरकतो तितकं) १२.७ मिमीच येतं. या जाडीला वेल्डची कॅप, म्हणजे बाहेरचा वरचा थर, साधारण २२-२४ मिमी रुंद असते, त्यामुळे प्रोबचं नाक कॅपला अडतं आणि बीम थेट रूटपर्यंत, म्हणजे वेल्डच्या तळापर्यंत, पोचतच नाही. ६० अंशाला हे अंतर २२ मिमी, तिथे जेमतेम जागा मिळते. ७० अंशाला ३५ मिमी, म्हणून रूट त्याच प्रोबने पाहायचं. बाजूच्या भिंतीवरचं अपूर्ण फ्यूजन पकडायला बीम बेव्हलवर (पाइपच्या तिरक्या कापलेल्या कडेवर) काटकोनात पडायला हवा. ३७.५ अंशाच्या बेव्हलला त्यासाठी ५२.५ अंशाचा बीम लागेल. बाजारात मिळणाऱ्या प्रोबमध्ये ६० आणि ४५ दोन्ही त्यापासून ७.५ अंशच दूर, पण ४५ ला कॅप आड येते. म्हणून ६० हे उत्तर बरोबर.

प्रोबचा तळवा अरुंद होता, हेही महत्त्वाचं. २५ मिमी रुंद सपाट तळवा २१९ मिमी व्यासावर ठेवला तर दोन्ही कडांना सुमारे ०.७ मिमी फट राहते, प्रोब डुलतो आणि एको नाचतो. ही फट ०.५ मिमीच्या आत हवी, नाहीतर तळवा पाइपच्या गोलाईला घासून घ्यायला हवा. १५ मिमी रुंदीला ती पाव मिमीवर येते.

आता तक्रार. कॅलिब्रेशन गाडीच्या सावलीत केलं आणि पाइप मे महिन्याच्या उन्हात तापलेला. हात ठेववत नव्हता इतका. ब्लॉक आणि पाइप यांच्या तापमानात १४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक चालत नाही, हा एएसएमई सेक्शन ५ चा नियम केवळ कागदासाठी नाही. प्रोबमधल्या पर्स्पेक्समधला (ॲक्रिलिकच्या पाचरीतला) ध्वनीचा वेग तापल्यावर कमी होतो, त्यामुळे स्टीलमधला कोन वाढतो, आणि ७० अंशाच्या प्रोबला हा फटका सर्वांत जास्त बसतो. कोन ७० चा ७३ झाला तरी अर्धं स्किप ३५ वरून ४१.५ मिमीवर जातं. सहा मिमीच्या या चुकीने ठरलेल्या अंतरावरून बीमचा मध्य रूटवर पडत नाही आणि दोषाची जागाही चुकीची मांडली जाते. सांगितल्यावर त्यांनी ब्लॉक पाइपवरच ठेवून तासाभराने कोन पुन्हा मोजला आणि पुढचं काम सकाळी साडेदहाच्या आत उरकायचं ठरवलं. पण हे न सांगता व्हायला हवं होतं. गोव्यात उघड्यावरच्या पाइपरॅकवर काम देणाऱ्यांनी ही अट ऑर्डरमध्येच लिहावी.

रूटचं वाचन मात्र उत्तम. आत उतरलेला रूटचा मणी नेहमीच एको देतो आणि नवखा माणूस त्यालाच दोष म्हणून नाकारतो, किंवा उलट, खऱ्या दोषाला मणी समजून सोडतो. इथला ऑपरेटर प्रत्येक खूण दोन्ही बाजूंनी पाहून कागदावर छेद काढत होता. मण्याचा एको भिंतीच्या जाडीपेक्षा थोडा खोल, १३.५-१४ मिमी असा दिसतो आणि मध्यरेषेच्या पलीकडे पडतो. अपूर्ण भेदनाचा (वेल्ड तळापर्यंत न पोचल्याचा) एको १२.७ च्या आतच, आणि दोन्हीकडून पाहिलं तरी मध्यरेषेच्या अलीकडे, प्रोबच्याच बाजूला पडतो. एकाच बाजूने जोरदार एको आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही, तर आधी हाय-लो, म्हणजे दोन पाइपांच्या कडा खालीवर बसल्यात का, ते तपासायचं. या जाडीला डीएसी वक्राच्या वर जाणारा आणि ६ मिमीपेक्षा लांब रेषीय दोष नाकारायचा असतो. नाकारलेला जोड घासून उघडल्यावर अपूर्ण भेदन सांगितलेल्याच जागी निघालं.

दर जोडावर की शिफ्टवर, हा प्रश्न ते विचारतात. शिफ्टवरच द्या. परीघ ६८८ मिमी, क्रिस्टल ९ मिमी रुंद आणि किमान १० टक्के ओव्हरलॅप धरला तर एका बाजूने एका प्रोबचे सुमारे ८५ पुढे-मागे फेऱ्या होतात. दोन बाजू, दोन कोन मिळून ३४०. शिवाय आधी नॉर्मल प्रोबने शेजारच्या पाइपमध्ये लॅमिनेशन (भिंतीत आडवा सुटलेला थर) आहे का ते पाहायचं, कारण ते असेल तर तिरका बीम तिथेच परततो आणि पुढचा दोष झाकला जातो. हे सगळं पाच-सात मिनिटांत होत नाही. जोडावर पैसे ठरले की हात आपोआप पळायला लागतो.

आपली बाजू: वेल्डच्या दोन्हीकडे ११०-१२० मिमी पट्टा स्पॅटर, गंज आणि रंग काढून तयार ठेवा, आणि परांची अशी बांधा की पाइपच्या खालच्या अंगालाही हात पोचेल. एल्बो किंवा फ्लॅंजच्या जोडाला एकाच बाजूने नीट तपासता येतं. ही मर्यादा अहवालात लिहून घ्या. कपलंट म्हणून (प्रोब आणि पाइप यांच्यामधली हवा घालवायला) ते ग्लिसरीन वापरतात, इथे तेच बरं. पाण्यातली सीएमसी पेस्ट उन्हात सुकते आणि खाऱ्या हवेत उघड्या स्टीलवर रातोरात गंज चढवते. पण ग्लिसरीन नीट पुसलं नाही तर प्रायमर धरत नाही, आणि पुसण्याचं काम ही एजन्सी आपल्यावर सोडते.

अहवालात जोड क्रमांक, वेल्डर क्रमांक, प्रत्यक्ष मोजलेला कोन, डीबी, पाइपच्या माथ्यापासून (घड्याळातल्या १२ च्या जागेपासून) परिघावरचं अंतर, खोली, लांबी सगळं आहे. दुरुस्ती करणाऱ्याला किती खोल घासायचं ते त्यावरून कळतं. तापमानाची नोंद तेवढी नव्हती. ऑपरेटरचं लेव्हल २ प्रमाणपत्र आणि वर्षाची नेत्रतपासणी मागितल्यावर लगेच दाखवली.

औषध कारखान्यांच्या स्टेनलेस लाइनींसाठी मात्र हीच टीम, हेच प्रोब बोलावू नका. ऑस्टेनिटिक वेल्डच्या जाड दाण्यांत शिअर वेव्ह (या तिरक्या प्रोबची आडवी लहर) विखुरते आणि वळते. तिथे कमी फ्रिक्वेन्सीचे लाँगिट्यूडिनल कोनी प्रोब आणि वेगळी कार्यपद्धती लागते, ती यांच्याकडे नाही. २ इंची पातळ पाइपलाही नको. विखुरलेली पोरॉसिटी हीच काळजी असेल तर रेडिओग्राफीच करा. ६ इंच आणि वरच्या, ८ मिमीहून जाड कार्बन स्टीलला मात्र बिनधास्त बोलवा, आणि उघड्यावरचं काम असेल तर मिरगाच्या आधीची तारीख घ्या.