‘फिक्स्ड’ म्हणून गळ्यात मारलेलं होम लोन : २१६ हप्त्यांचे ३३६ झाले

लिहायची लाज वाटतेय, कारण ऑफिसमध्ये लोक मलाच लोनबद्दल विचारायला येतात. तरी लिहितो.

ऑक्टोबर २०२१. घरासाठी ३०,००,००० हवे होते. एका हाउसिंग फायनान्स कंपनीचा माणूस घरी आला, ७.५ टक्के, २४० हप्ते, “सर पूर्ण फिक्स्ड, रेपो वाढो नाहीतर काहीही होवो, तुमचा हप्ता हलणार नाही.” (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर.) हप्ता हलला नाही हे खरंच आहे, त्या बाबतीत तो खोटं बोलला नाही!

सही करायच्या दिवशी ॲग्रीमेंटचा गठ्ठा, जिथे सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, तो एकेक पान कोपऱ्याने उचलतोय आणि मी सह्या ठोकतोय. बायको शेजारून वाचत होती. म्हणाली, “अहो, इथे २४ महिने फिक्स्ड आणि पुढे देअरआफ्टर असं काहीतरी लिहिलंय.” तो लगेच, “मॅडम, ते स्टँडर्ड असतं.” आणि मी, मी शहाणा, तिला म्हणालो, “अगं त्यांना उशीर होतोय.” हे वाक्य मला आजही रात्री आठवतं. दहा सेकंद थांबलो असतो ना. पण चेक दोन दिवसांत बिल्डरला द्यायचा होता, नाहीतर टोकन बुडत होतं, अशा वेळी कोण चाळीस पानं वाचतं सांगा.

त्याच गठ्ठ्यात १,१८,००० चा सिंगल प्रीमियम लाइफ कव्हर घुसवला आणि लोन झालं ३१,१८,०००. हप्ता २४,१६८ च्या जागी २५,११८. महिन्याला ९५० काय मोठे, असं वाटलं. २४० ने गुणा, २,२८,००० होतात. लोनसाठी असा इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि पॉलिसी हातात आल्यापासून १५ दिवसांत (आता ३० झालेत) परत करता येते. माझ्या हातात पॉलिसी आलीच नाही, आणि मीही मागितली नाही.

२०२२ च्या मे मध्ये रेपो ४ वरून वाढायला लागला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५०. मित्रांचे हप्ते वाढत होते आणि मी कट्ट्यावर बसून त्यांना हसत होतो. मग एप्रिल २०२४ मध्ये टॅक्ससाठी स्टेटमेंट काढलं. ऑक्टोबर २०२३ : हप्ता २५,११८, त्यातून फिटलेलं मुद्दल ६,४९८. नोव्हेंबर : हप्ता तोच, मुद्दल १,८३२. आधी वाटलं छपाईची चूक. मग खाली दर दिसला, २४ महिने संपताच लोन फ्लोटिंगवर, म्हणजे बदलत्या दरावर गेलेलं, ९.४० टक्के, आणि उरलेले हप्ते २१६ च्या जागी ३३६. दहा वर्षं! एक एसएमएस नाही.

हप्ता तोच राहिला की कुणी बघत नाही, सगळा खेळ त्यावरच आहे. म्हणून हप्ता बघू नका, मुद्दल बघा. मुदत तीच ठेवली असती तर हप्ता २८,५८५ झाला असता, दुखलं असतं, पण कळलं तरी असतं.

कंपनीत गेलो. उत्तर : दर कमी करून हवा तर कन्व्हर्जन फी १४,८०७ प्लस जीएसटी भरा. म्हटलं, रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा नियम आहे, हप्ता वाढवायचा की मुदत ते कर्जदाराला विचारायचं. तर म्हणे तो डिसेंबरअखेरपासून, तुमचं रिसेट, म्हणजे दर बदलणं, नोव्हेंबरचं. ईमेल केला, ३० दिवस वाट बघितली, रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर तक्रार टाकली, ती परत, कारण हाउसिंग फायनान्स कंपन्या त्या लोकपाल योजनेत येत नाहीत. म्हणे, हाउसिंग कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेकडे जा. गेलो, तिथेही पोर्टल. त्यांनी काय केलं? तक्रार त्याच कंपनीकडे पाठवली. कंपनीने लिहिलं “ग्राहकाने सही केलेल्या करारानुसार”, आणि स्टेटस क्लोज्ड. म्हणजे ज्याने खिसा कापला त्यालाच विचारायचं, बाबा रे तू कापलास का? मग ही ऑफिसं ठेवलीत कशाला? फोन केला तर रिओपन करा म्हणतात, रिओपनचं बटण दाबलं की परत तेच उत्तर चिकटतं. चार महिने, दोन रजा, कागदांची फाइल ही जाडजूड.

शेवटी बँकेत लोन ट्रान्सफर केलं, रेपोला जोडलेलं. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला (बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला, जसा रेपो) जोडावंच लागतं, हाउसिंग कंपन्यांचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे त्यांनीच ठरवलेला मूळ दर असतो, तो कधी, किती हलवायचा ते तेच ठरवणार. ‘फ्लोटिंग’ ऐकलं की पहिला प्रश्न हाच, कशाला जोडलंय? आणि ‘फिक्स्ड’ ऐकलं की, किती महिने?

निघतानाही कंपनीने शिल्लक मुद्दलाच्या २ टक्के मागितले, सुमारे ५९ हजार. लोन फ्लोटिंगवर गेलं की प्री-क्लोजर चार्ज (मुदतीआधी लोन फेडण्याचा आकार) घेता येत नाही, तुमच्या माझ्यासारख्या घर घेणाऱ्याकडून तरी नाही. हे लेखी मागितल्यावर दोन दिवसांत मागणी गायब. तोंडी कधीच भांडू नका.

प्रीमियमचं अजून लटकलंय. पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे बंद करून पैसे परत घ्यायला, ओरिजिनल सर्टिफिकेट आणा म्हणतात, जे त्यांनी मला कधी दिलंच नाही.