फास्टॅगचा वार्षिक पास: इंदूर ते धुळे, पाच नाके आणि एक पाटी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ३००० रुपये भरून फास्टॅगचा वार्षिक पास घेतला. चार महिने वापरून झाला, आता लिहायला हरकत नाही. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. कोषालयात छत्तीस-सदतीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाले. गाडी मीच चालवते. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हे शेजारी बसून नुसते ब्रेक मारतात. धुळ्याला आई आहे, वय ८७, त्यामुळे दर दीड-दोन महिन्यांनी आग्रा-मुंबई रस्ता ठरलेलाच.

पास म्हणजे वेगळं कार्ड-बिर्ड काही येत नाही. काचेवर चिकटवलेला टॅग असतो त्यावरच तो चढतो. राजमार्गयात्रा ॲपवर गाडीचा नंबर घातला, पैसे भरले, आणि भाजी फोडणीला पडेपर्यंत मेसेज आला. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गावरचा एक टोलनाका ओलांडला की एक फेरी. फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. तुमचा टॅग नुसत्या चेसिस नंबरवर काढलेला असेल तर आधी त्यावर गाडीचा नंबर चढवून घ्या, नाहीतर पास लागत नाही. माझ्या नणंदेचं तेच झालं आणि ती अजून मलाच दोष देते.

आता हिशेब. नाक्यामागे १५ रुपये असं सगळीकडे सांगितलं जातं. भागाकार बरोबर आहे, पण तो २०० च्या २०० फेऱ्या संपवणाऱ्याचा. आमच्या वाटेवर सोनवाय, खलघाट, जामली, मग महाराष्ट्रात शिरपूर आणि सोनगीर असे पाच नाके लागतात. जाऊन-येऊन दहा. वर्षाच्या सात वाऱ्या धरल्या तर ७० फेऱ्या, म्हणजे नाक्यामागे ४३ रुपयांच्या आसपास. उरलेल्या १३० फेऱ्या पुढच्या वर्षात ओढता येत नाहीत, त्या बुडाल्या. तरी माझ्या डायरीप्रमाणे मी फायद्यात आहे. महाकालाला उज्जैनला जायचं तर मात्र हा पास कामाचा नाही. तो रस्ता राज्याचा, तिथे टॅगमधून नेहमीसारखे पैसे कापले जातात. म्हणून टॅगमध्ये थोडी रक्कम ठेवाच.

इथवर पासला पाचपैकी चार तारे देऊन मी थांबणार होते. पण जानेवारीत भाच्याच्या मुंजीला निघालो तेव्हा एका नाक्यावर (पाचांपैकी कुठला ते लिहीत नाही, तिथल्या पोरांची नोकरी जायची) मशीनने टॅग वाचलाच नाही.

गाडीत मागच्या सीटवर चार किलो लसणाची सेव, ह्यांचं सोवळं, आहेराची साडी. मागे ट्रकची रांग. पोरगा हातातलं मशीन काचेला लावतोय, मशीन गप्प. म्हणाला, ‘मॅडम, पीछे लो, नहीं तो कैश में डबल लगेगा, यूपीआई से सवा गुना.’ मी म्हटलं, तो दर ज्याचा टॅग नाही किंवा चालू नाही त्याला. माझा टॅग चालू आहे, पास चालू आहे, हा बघ मेसेज. तुमचं मशीन बंद असेल तर गाडी तशीच सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची, २०१८ पासूनचा नियम आहे. पावती दे. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शून्याची पावती मागताना पाहिलं असावं. तो साहेबांना बोलवायला गेला. हे म्हणाले, ‘अगं दे ना सव्वापट, मुहूर्त दहाचा आहे.’

तेवढ्यात शेजारच्या लेनमधून पांढरी मोठी गाडी आली. एमपी-०९, पुढच्या काचेमागे लाल पाटी, ‘विधायक प्रतिनिधि’. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: आमच्याकडे आमदाराला विधायक म्हणतात, आणि त्याच्या प्रतिनिधीला कोण निवडून देतं ते कोणालाच माहीत नसतं. काच खाली झाली नाही. दांडा हाताने वर उचलला गेला आणि गाडी निघून गेली. टॅग वाचला की नाही हा प्रश्नच आला नाही.

मी गाडी बंद करून उतरले आणि पाटी वाचायला गेले.

ही पाटी प्रत्येक नाक्यावर असते. निळी किंवा पांढरी, भलीमोठी, आणि ताशी ऐंशीच्या वेगाने येणाऱ्याला कधीच वाचता येणार नाही अशा अक्षरांत. टोलमधून कोणाला सूट, त्यांची यादी. राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या २००८ च्या नियमांतला नियम ११. सुरुवात राष्ट्रपतींपासून. मग उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश, लोकसभेचे अध्यक्ष, मंत्री, मुख्यमंत्री, न्यायाधीश, खासदार, सचिव, असं करत दोन डझन. आमदारांना सूट आहे, पण त्यांच्या त्यांच्या राज्यात, आणि विधानसभेचं ओळखपत्र दाखवलं तर. परमवीर चक्र, अशोक चक्र, वीर चक्र मिळवलेल्यांना आहे, त्यांना माझा दोन्ही हातांनी नमस्कार. खालच्या भागात लष्कर, अग्निशमन, रुग्णवाहिका, आणि शेवटाकडे शववाहिका. म्हणजे सामान्य माणसालाही सूट आहे, एकदा.

‘विधायक प्रतिनिधि’ हे शब्द पाटीवर कुठेही नाहीत. दोनदा वाचली.

परत आले तर साहेब आले होते. बिचारा भला माणूस. त्याने स्वतःच्या रुमालाने माझी काच आतून-बाहेरून पुसली, मशीन टेकवलं, टुंग झालं, एक फेरी कापली गेली. एकूण चौदा मिनिटं. शून्याची पावती राहिलीच.

पुढे खलघाटला नर्मदा आली. ह्यांनी नेहमीप्रमाणे पुलावरून नाणं टाकलं आणि आमचा वाद सुरू झाला, तो थेट सेंधव्यापर्यंत. ह्यांचं म्हणणं, ‘लोकप्रतिनिधी आहेत ते, लोकांच्या कामासाठी फिरतात. पदरचे पैसे घालायचे का त्यांनी?’

कोण म्हणतं पदरचे घालायचे? मी नोकरीभर दौऱ्याची बिलं पास केली. सरकारी माणूस कामासाठी फिरला की आधी खिशातून देतो, पावती घेतो, बिल लावतो आणि पैसे परत मिळवतो. शिपाई तसंच, अधिकारी तसंच. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बिलाला चाळीस रुपयांची पावती नव्हती, मी आपत्ती लावली (कोषालयाच्या भाषेत बिल अडवणं म्हणजे आपत्ती लावणं). साहेब स्वतः खाली आले, पाकीट उलटंपालटं केलं, चुरगळलेली पावती काढली, वर ‘बाई, तुमच्यापुढे काही चालत नाही’ म्हणून हसले. आमदारांनीही तसंच करावं ना. नाक्यावर थांबा, सगळ्यांसारखे पैसे द्या, महिनाअखेरीला विधानसभेत बिल लावा. सरकारच्या तिजोरीला दोन्हीकडून तेवढंच पडेल. पण भरपाईचा कागद राहतो: कोण, कधी, कुठून कुठे, कशासाठी. माफीला कागदच नसतो, म्हणून तर तिच्या सावलीत प्रतिनिधी उगवतात. आणि कायदा करणाऱ्याला निदान एवढं तरी कळेल की मशीन वाचत नाही. त्याच्यासाठी दांडा हातानेच उचलला जात असेल तर मशीन बिघडलंय हे त्याला कोण सांगणार? विधानसभेत प्रश्न कोण विचारणार?

हे म्हणाले, म्हणजे तुला त्यांच्या सगळ्याच सवलती नकोत. तसं नाही. सभागृहात जे बोलतात त्यावर कोर्टात खेचता येत नाही, संसदेसाठी कलम १०५ आणि विधानसभेसाठी १९४. ते हवंच, नाहीतर उद्या कोणी बड्या माणसाविरुद्ध तोंडच उघडणार नाही. ती सवलत कामाची आहे. पण तीही किती ताणली होती बघा: मत देण्यासाठी पैसे घेऊन तसंच मत दिलं तर खटला चालणार नाही, असा १९९८ चा निकाल होता. तो फिरवायला मार्च २०२४ उजाडला, सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश बसावे लागले. टोल भरण्याने कोणाच्या भाषणस्वातंत्र्याला धक्का लागतो ते ह्यांना सांगता आलं नाही. तेव्हा सेव काढली.

आमच्या राज्यातली एक गोष्ट मात्र मी कोणालाही सांगते, कारण ती ऐकून महाराष्ट्रातले नातेवाईक खोटं समजतात. मध्य प्रदेशात मंत्र्यांचा इन्कम टॅक्स सरकार भरत होतं. १९७२ च्या कायद्याने. आमचा टॅक्स पगारातून कापला जायचा. फेब्रुवारीचा पगार म्हणजे अर्धा उपासच, ऑफिसात त्या महिन्यात कोणी कोणाला चहा पाजत नसे. आणि टॅक्स ठरवणाऱ्यांचा टॅक्स त्याच तिजोरीतून. मोहन यादवांच्या मंत्रिमंडळाने २५ जून २०२४ ला हे बंद करायचं ठरवलं. बावन्न वर्षांनी. चांगलं केलं, मी पेढे वाटले नाहीत एवढंच. पेन्शनचंही तसंच. मी जुन्या भरतीतली, मला आहे. माझ्याच टेबलावर नंतर बसलेली मुलगी २००५ नंतर लागली, तिला जुनी पेन्शन नाही, बाजार ठरवेल ते. खासदाराला मात्र पद सुटल्यावर महिन्याला ३१,००० ठरलेले, पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला २५०० जास्त. कर्मचाऱ्यांसाठी जे भविष्याच्या दृष्टीने योग्य, ते स्वतःला का योग्य नाही, एवढं एकदा कोणीतरी समजावून सांगावं. मी फॉर्म भरून द्यायला तयार आहे.

आणि बदल होतच नाहीत असं म्हणून हात झटकू नये. १ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे गेले, आकाश कोसळलं नाही. संसदेच्या कॅन्टीनचे दर आमच्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष असताना १ जानेवारी २०१६ पासून वाढले, शाकाहारी थाळी १८ ची ३० झाली. पुढे २०२१ मध्ये सबसिडीच बंद झाली. कोणी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही.

बिजासनचा घाट उतरलो. हा घाट मला फार आवडतो, आणि आता त्याचं आणखी एक कारण आहे. नियम ११ प्रमाणे मध्य प्रदेशचा विधायक जामलीपर्यंत विधायक असतो. देवीचं देऊळ मागे पडलं, पळासनेर आलं की त्याची सूट संपते. शिरपूरच्या नाक्यावर तो आणि मी सारखेच. संविधानाने जे करायचं ते इथे एक घाट करतो.

शिरपूरला आमच्या पुढे दोन गाड्या सोडून एमपी-०९ ची पांढरी मोठी गाडी उभी होती. तीच की दुसरी, देव जाणे. लाल पाटी दिसली नाही, असली तर काढून ठेवली असेल. दांडा खालीच. मराठी पोरगा हातातलं मशीन घेऊन काचेशी झटत होता, ‘दादा, टॅग वाचत नाही, मागे घ्या जरा.’ ड्रायव्हर उतरला आणि फडक्याने काच पुसायला लागला. मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते. हे म्हणाले, ‘दे ना तूही.’ मी दिला नाही. मी डायरी काढून वेळ लिहिली: सहा मिनिटं.

मुंज आमची हुकली नाही, भिक्षावळ मिळाली.

तर पासबद्दल: वर्षात राष्ट्रीय महामार्गावरचे चाळीस-पन्नास नाके तुम्ही ओलांडत असाल तर घ्या, त्याहून कमी असतील तर तुमच्या वाटेवरचे दर मांडून आधी बेरीज करा. टॅग काचेच्या मध्यावर वरच्या बाजूला, आरशामागे लावा, धुरकट फिल्म असेल तिथे नको. काच आतूनही पुसत जा. गाडीचे फोटो मागणारा केवायव्हीचा (म्हणजे टॅग त्याच गाडीचा आहे ना, या तपासणीचा) मेसेज बँकेकडून आला तर पुढे ढकलू नका. पासला चार तारे. नाक्यावरच्या माणसांना साडेतीन, रुमालाचा अर्धा त्यातच धरला आहे. पाटीला एक, आणि तो चक्रवाल्यांच्या ओळीसाठी.

माझ्या खात्यावर आज १७० फेऱ्या शिल्लक आहेत. होळीला पुन्हा निघतोय.