झूमवाला की एकाच लेन्सचा? खिशातल्या कॅमेऱ्याचा हिशेब

वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी राहते. आत पाच पांडव मांडलेले, मडक्यात आंबील, पातेल्यात भज्जी. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी अशाच कोपीत वाकून मी फोटो काढत होतो, तर मोठी काकू म्हणाली, "मोबाईल हाय की तुझ्याकडं, मग ह्ये डबडं कशाला घेऊन हिंडायलास?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, खिशात मावंल असा चांगला कॅमेरा घ्यायचाय. सोनीचा आरएक्स१०० सातवा घेऊ की रिकोचा जीआर?" म्हणजे काकूचा प्रश्न तसाच राहिला होता आणि वर हा दुसरा.

एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण हे दोन कॅमेरे एकाच खिशात जात असले तरी एका जातीचे नाहीत. पहिली जात झूमवाल्यांची, आत एक इंची सेन्सर (उजेड टिपणारा तुकडा). सोनीची आरएक्स१०० मालिका (पहिला २०१२चा, सातवा २०१९चा), कॅननचे जी७एक्स मार्क २ आणि ३ हे या जातीतले. दुसऱ्या जातीत एपीएस-सी नावाचा मोठा सेन्सर आणि झूम नसलेली एकच लेन्स. रिको जीआर ३ ची २८ मिमी (हे आकडे फुल फ्रेमच्या हिशेबातले; आकडा लहान तितकं दृश्य जास्त मावतं), जीआर ३एक्सची ४० मिमी, फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेची ३५ मिमी. पॅनासॉनिकच्या एलएक्स१०० नं मधली वाट काढली होती: फोर थर्ड्स सेन्सर, २४-७५ झूम आणि हातानं फिरवायची ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) रिंग. मला तो फार आवडतो, पण आता बहुधा सेकंडहँडच शोधावा लागेल.

दोन्ही जातींतला एकेक मी वापरला, झूमवाला पाच वर्षं आणि बिनझूमचा तीन. माझ्या तक्रारींना कंपनीचं नाव चिकटवत नाही. त्या तक्रारी जातीच्याच आहेत.

आधी सेन्सरचं बघू, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. 'एक इंची' सेन्सरची कोणतीही बाजू एक इंचाची नसते. जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या काळातलं ते माप नावात राहून गेलंय. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिमी असतो. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर एपीएस-सी तिपटीहून थोडा मोठा, म्हणजे पावणेदोन स्टॉपच्या आसपास फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ऐकून वाटतं की विषय संपला, जीआर घ्या. पण थांबा. जी७एक्सची लेन्स २४ मिमीला एफ/१.८ उघडते, जीआरची एफ/२.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). तो फरक सव्वा स्टॉपचा आणि तो छोट्या सेन्सरच्या बाजूनं. वजाबाकी केली तर अंधारात दोघांत उरतो जेमतेम अर्धा-पाव स्टॉप, जो डोळ्यांना क्वचितच दिसतो. झूमवाल्याची खरी अडचण झूम केल्यावर सुरू होते, कारण लेन्स लांबते तशी मिटत जाते. आरएक्स१०० सातव्याला २०० मिमीची पोच मिळाली, पण त्यासाठी त्याची सुरुवातच एफ/२.८ पासून करावी लागली आणि टोकाला तो एफ/४.५ वर येतो. एक्स१०० मालिकेतल्या सहाव्याची, एक्स१००व्हीआयची, लेन्स मात्र एफ/२. उजेड कमी असेल तर या सगळ्यांत तोच खरा पुढे.

आता हे कागदावरून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात नेऊ. तिथं फ्लॅशला बंदी आहे, चित्रं जपण्यासाठी दिवे मंद ठेवलेले, मागून सहलीतल्या पोरांचा लोंढा. (सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ, हे लक्षात ठेवा. माझी एक फेरी फुकट गेलीय.) पद्मपाणीसमोर झूमवाला धरला तेव्हा २४ मिमीला, एफ/१.८ वर, श्वास रोखून सेकंदाचा पंधरावा भाग, आयएसओ ३२०० ला काम झालं (आयएसओ म्हणजे उजेड वाढवून दाखवायचा आकडा, वाढला की चित्रात दाणे येतात). मग मोह झाला. चेहरा जवळ घ्यावा, हातातलं कमळ घ्यावं. झूम केला, ॲपर्चर मिटलं, आयएसओ ६४०० वर गेला आणि पापणीची ती बारीक रेघ, जिच्यासाठी सगळा आटापिटा, ती दाण्यांत विरघळली.

दुसऱ्या खेपेला बिनझूमचा नेला. कठड्याच्या पुढं जाता येत नाही, त्यामुळं 'दोन पावलं पुढे जा' हा सल्ला इथं कुचकामी. जिथं होतो तिथूनच काढला आणि घरी येऊन कापला. २४ मेगापिक्सलच्या २८ मिमी चित्रातून ५० मिमीइतकं कापलं तर साडेसात मेगापिक्सल उरतात, ८ बाय १० च्या प्रिंटला पुरेसे. आणि पापणी शाबूत होती. एक्स१००व्हीआयचे ४० मेगापिक्सल असतील तर ७० मिमीइतकं कापूनही दहा उरतात. म्हणजे बिनझूमवाल्यालाही थोडा झूम असतो, फक्त तो मागाहून वापरायचा. वेरूळला उलटं झालं. कैलासाच्या अंगणात भिंतीला पाठ लावूनही २८ मिमीत शिखर मावेना, आणि ३५ वाल्यानं तर नाद सोडावा. तिथं झूमवाल्याच्या २४ मिमीची आठवण आली.

उन्हाचं प्रकरण वेगळं. आमच्याकडं वर्षातले आठ महिने दुपारी अकरा ते चार फोटोला वाईट उजेड असतो. टोपी घातलेल्या माणसाचा चेहरा काळा, मागचं रान पांढरंफटक. या छोट्या कॅमेऱ्यांची एक ताकद कुणी सांगत नाही, ती इथं कळते. त्यांचा शटर लेन्सच्या आतच पाकळ्यांसारखा असतो. त्यामुळं मोठे डीएसएलआर ज्या ठिकाणी १/२०० किंवा १/२५० ला अडतात, तिथं हे १/१००० आणि त्याहूनही वेगात फ्लॅश सिंक करतात, म्हणजे शटरशी फ्लॅश जुळवतात. पोळ्याच्या दुपारी विहिरीवर बैल धुताना मी अण्णांचा फोटो काढला: १/१०००, एफ/४, आणि झूमवाल्याच्या डोक्यावरचा नखाएवढा फ्लॅश. टोपीखालचे डोळे, बैलाच्या वशिंडावरून निथळणारं पाणी, मागचं आभाळ, तिन्ही एका चित्रात आली. मोबाईलच्या एलईडीला दोन मीटरवरून हे जमत नाही. आरएक्स१००, जी७एक्स आणि एक्स१०० मध्ये फ्लॅश अंगातच आहे. जीआर ३ मधून रिकोनं तो काढून टाकला, वर फक्त हॉट शू, म्हणजे बाहेरचा फ्लॅश बसवायची खाच, ठेवला. हे मला अजून पटलेलं नाही.

पण त्याच उन्हात स्क्रीनवर काय दिसतं? स्वतःचं तोंड. अंदाजानंच बटण दाबावं लागतं. आरएक्स१०० मध्ये तिसऱ्यापासून पुढं वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची खिडकी, मिळतो. जी७एक्सला नाही, जीआरला नाही. एक्स१०० तर त्यासाठीच घेतात, काचेतून सरळ बघायचा की इलेक्ट्रॉनिक, एका खटक्यात बदलतो. भाच्या, तू शेतात आणि जत्रेत फोटो काढणार असशील, तर मेगापिक्सल मोजण्याआधी डोळा कुठं लावायचा ते बघ.

गर्दीत मात्र जीआरला तोड नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत एका मित्रानं त्याचा जीआर माझ्या हातात दिला होता. त्यात स्नॅप फोकस नावाची सोय आहे. अंतर आधीच ठरवायचं, दोन मीटर म्हणा, एफ/८ ठेवायचा, आणि बटण एकदम खोल दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. एक मीटरपासून थेट लांबपर्यंत सगळं नीट येतं. माणसं पळत अंगावर येताहेत, कॅमेरा छातीशी, एका हातात, आणि कुणाचं लक्षही नाही. झूमवाला अशा वेळी चालू होताना लेन्स बाहेर काढतो, कुठल्या चेहऱ्यावर फोकस करू याचा विचार करतो, तोवर घोडा निघून जातो. आरएक्स१०० सातव्याचा फोकस फार चपळ आहे, तरी लेन्स बाहेर यायला लागायचा तो वेळ लागतोच.

आता धूळ. ही तक्रार तुम्हाला पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत सापडणार नाही, किंवा सापडली तरी एका ओळीत. आमची काळी माती वाळली की पिठासारखी होते. तुरीची रास चालू असताना खिशातून काढलेला कॅमेरा आत-बाहेर करणाऱ्या लेन्सबरोबर हवा ओढतो आणि हवेबरोबर पीठ. माझ्या झूमवाल्याच्या लेन्सवरच्या झाकणपाकळ्या एका उन्हाळ्यात अर्ध्यावर अडकायला लागल्या. मी त्या नखानं ढकलायचो. मग एक दिवस लेन्सच अर्ध्यात थांबली, दातात काहीतरी अडकल्यासारखा कर्रकर्र आवाज. लातुरात दुरुस्ती नाही. कुरिअरनं पुण्याला पाठवला, पाच आठवड्यांनी 'पूर्ण लेन्स बदलावी लागेल' असा निरोप, आणि खर्च सेकंडहँड कॅमेऱ्याच्या निम्मा. बिनझूमवाल्यानं दुसरा त्रास दिला. सेन्सरवर एक ठिपका बसला, जो प्रत्येक निळ्या आभाळात डाव्या कोपऱ्यात पक्ष्यासारखा दिसतो. लेन्स निघत नाही, म्हणजे ब्लोअरनं फुंकायची सोयही नाही. या दोन्ही जातींत पूर्ण सीलबंद असं जवळपास काही नाही. एक्स१००व्हीआयची लेन्स सरकत बाहेर येत नाही, आणि वेगळी रिंग घेऊन त्यावर ४९ मिमीचा फिल्टर चढवला की तो धूळ-पावसाला बऱ्यापैकी तोंड देतो. पण त्याचं वजन ५२१ ग्रॅम. जीआर ३ भरतो २५७ आणि आरएक्स१०० सातवा ३०२. ५२१ ग्रॅम शर्टाच्या खिशात मावत नाही, गळ्यातच घालावे लागतात, मग 'खिशातला कॅमेरा' कशाला म्हणायचं?

मी आता झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवतो. दिसायला वाईट दिसतं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. जीआर ३ ची अधिकृत क्षमता एका चार्जला २०० फोटो, आरएक्स१०० सातव्याची २६०, एक्स१००व्हीआयची काचेतून बघत काढले तर ४५०. दोन जादा बॅटऱ्या पहिल्याच बिलात धरा. चार्जिंग सगळ्यांचं यूएसबीनं होतं, गाडीत पॉवर बँक असली की भागतं.

व्हिडिओ हवा असेल तर चर्चा इथंच थांबवा आणि झूमवाला घ्या. जीआर ३ फक्त १०८० (फुल एचडी) पर्यंत जातो, मायक्रोफोन लावायला जागा नाही. आरएक्स१०० सातवा आणि जी७एक्स मार्क ३ यांना माइकचं छिद्र आहे, स्क्रीन पुढे वळते, फोर-के आहे. भावाच्या हळदीचं शूटिंग त्यावर निभावतं. मे महिन्यात मंडपाबाहेर मात्र इतकी छोटी बॉडी तापते, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी काढा. आणि नाथसागरावरचे रोहित पक्षी टिपायचे असतील तर दोन्ही जाती विसरा. २०० मिमीत ते गुलाबी ठिपकेच येतात.

काकूचा प्रश्न राहिला. मोबाईल असताना डबडं कशाला? खरं सांगायचं तर दिवसा, सावलीत, व्हॉट्सॲपला पाठवायच्या फोटोसाठी मोबाईल या दोघांच्याही पुढं गेलाय. एका क्लिकमध्ये तो अनेक फ्रेम जोडतो, उजेड-सावली सावरतो, लगेच पाठवतो. माझे कॅमेरे मोबाईलशी जोडायला जेवढा वेळ घेतात तेवढ्यात काकूची आंबील पिऊन होते. फरक मला दोनच ठिकाणी दिसला. एक म्हणजे कोपीच्या आतल्या अर्धवट उजेडात मोबाईलनं काकूच्या सुरकुत्या पुसून टाकल्या, गाल इस्त्री केल्यासारखे. कॅमेऱ्यानं त्या ठेवल्या. दुसरा फरक प्रिंटला. १२ बाय १८ च्या कागदावर मोबाईलच्या फोटोतला कडबा रंगाच्या फटकाऱ्यांसारखा दिसतो, कॅमेऱ्याच्या फोटोत काडी न काडी वेगळी. प्रिंट काढणार नसाल आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातला कच्चा, प्रक्रिया न केलेला फोटो) उघडून बसायची हौस नसेल, तर पैसे वाचवा.

भाच्याला शेवटी मी सांगितलं, गेल्या वर्षभरातले मोबाईलमधले तुझे आवडते पन्नास फोटो निवड आणि किती झूम करून काढलेत ते बघ. बेचाळीस झूम न करता काढलेले निघाले. तो जीआर ३ कडं झुकलाय. त्याच्या बायकोचे पन्नास पाहिले तर अर्ध्याहून जास्त दुरून काढलेले, पोराचं स्नेहसंमेलन, मैदान, स्टेज. तिनं घेतला असता तर मी आरएक्स१०० सांगितला असता, आणि बजेट कमी असतं तर जुना जी७एक्स मार्क २. तोही आता स्वस्त राहिला नाही, कारण रीलवाल्या पोरांनी या जुन्या कॅमेऱ्यांचे भाव वर नेलेत. एक्स१००व्हीआय दोघांनाही आवडला, पण लाखाच्या पुढचा कॅमेरा तुरीच्या राशीत काढायचा धीर होईल का, यावर दोघंही गप्प.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ/१६ वर काढा. जिथं ॲपर्चर तेवढं मिटत नाही, तिथं सगळ्यात बारीक ठेवा. स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघा, ठिपके असतील तर तिथंच दिसतील. झूमवाला असेल तर दहा वेळा चालू-बंद करून कान लावा. कर्रकर्र आवाज आला तर परत द्या, किंमत कितीही पाडली तरी.