गुलाबी जातो, निळा अडून बसतो

माझ्या भाचीच्या केसांत पुढच्या बटा गुलाबी आणि मागची टोकं मोरपंखी निळी होती. डिसेंबरात कॉलेजच्या फेस्टसाठी हौसेने केलेली. जानेवारी संपता संपता कॅम्पस इंटरव्ह्यूची तारीख लागली, मध्ये जेमतेम तीन आठवडे राहिले आणि घरात रंग घालवायचा ज्याचा त्याचा उपाय सुरू झाला. आई म्हणाली, "मेहंदी लाव, सगळं झाकतं." ताई म्हणाली, "खायचा सोडा आणि लिंबू चोळ." भाचीने स्वतः ब्लीच वॉश नावाचा प्रकार शोधून ठेवला होता. मी म्हटलं, "आधी पुढची-मागची टोकं दोन बोटं काप आणि ती मला दे."

त्या कापलेल्या केसांच्या आठ बटा मी शिवणाच्या दोऱ्याने बांधल्या. चार गुलाबी, चार निळ्या. प्रत्येक उपायाला एक जोडी, प्रत्येकीची वेगळी वाटी. डोक्यावर जे करायचं ते आधी कापलेल्या केसावर करून बघायला पैसे पडत नाहीत आणि रडायची वेळही येत नाही.

रंग गेल्यावर खाली काय आहे?

उपाय निवडण्याआधी हे स्वतःला विचारा, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. रंग उतरला की आपले काळे केस परत दिसतील, असं वाटतं. तसं होत नाही. आपल्या काळ्या केसांवर गुलाबी किंवा निळा थेट लावला तर तो दिसतच नाही, म्हणून आधी ब्लीच करून केसातला काळा रंगच काढलेला असतो. भडक रंग धुतला गेला की खालून मक्याच्या कणसाच्या केसांसारखा पिवळा, नाहीतर तांबूस केस बाहेर येतो. काळा येणार तो मुळापासून, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या चालीने.

म्हणजे निवड दोनच गोष्टींतली आहे: पिवळट-पीच रंगावर समाधान मानायचं, की रंग फिका करून वर तपकिरी चढवायचा. भाचीला दुसरं हवं होतं. त्यामुळे आमचं काम अर्धं हलकं झालं. पूर्ण उतरवायची गरजच नव्हती, वर दुसरा रंग नीट बसेल इतपत फिका केला की पुरे.

दुसरी चौकशी रंगाच्या जातीची. डबीतून काढून थेट लावलेला, कंडिशनरसारखा घट्ट रंग असेल तर तो केसाच्या वरच्या थरांत चिकटलेला असतो आणि धुण्याने जातो. दोन बाटल्या किंवा ट्यूब आणि डेव्हलपर (म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण) मिसळून लावलेला असेल तर तो केसाच्या आत तयार झालेला पक्का रंग आहे, त्याला धुण्याने फारसं काही होत नाही. पार्लरवाल्याने काय लावलं ते आठवत नसेल तर एक बट कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून दहा मिनिटं ठेवा. वाटीतलं पाणी रंगलं तर बहुतेक पहिली जात. भाचीच्या गुलाबी बटेने पाणी कोकम सरबतासारखं केलं. निळ्या बटेच्या वाटीत जेमतेम निळसर झाक आली, तेव्हाच मला कळलं की खरी लढाई मागच्या बाजूला आहे.

कोंड्याचा शाम्पू की व्हिटॅमिन सी?

सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित असे हे दोन. डबीतले रंग बरेचदा धन भाराचे असतात आणि ब्लीच केलेला केस ऋण भाराचा, म्हणून ते चुंबकासारखे चिकटतात. शाम्पूतला फेस करणारा घटक, सल्फेटवाला, तोही ऋण भाराचा. तो रंगाला आपल्याकडे ओढतो. म्हणूनच रंगवलेल्या केसांसाठी सल्फेट नसलेला शाम्पू घ्या असं सांगतात. आपल्याला उलटं हवंय, तेव्हा उलटं करायचं. सल्फेट असलेला साधा किंवा कोंड्याचा शाम्पू घ्या, सोसेल इतक्या गरम पाण्याने केस भिजवा, फेस करून शॉवर कॅप घाला, दहा मिनिटं थांबा, धुवा, पुन्हा एकदा. शेवटी टोकांना भरपूर कंडिशनर. एक दिवसाआड. रोज केलं तर केस झाडूसारखे होतात आणि टाळू खाजते.

व्हिटॅमिन सी म्हणजे केमिस्टकडे मिळणाऱ्या त्याच ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या नारिंगी गोळ्या. पंधरा गोळ्या खलबत्त्यात कुटून त्याच शाम्पूत कालवायच्या आणि अर्धा ते पाऊण तास ठेवायच्या. गोळ्यांत साखर असते, त्यामुळे मिश्रण चिकट होतं आणि मानेवरून ओघळतं. साधी एस्कॉर्बिक आम्लाची पूड मिळाली तर ती बरी. टाळूला ओरखडा असेल तर झोंबतं, भाची बाथरूममधून ओरडली होती.

दोन्हींत फरक असा की शाम्पू रंगाला धुऊन काढतो, व्हिटॅमिन सी काही रंगांची रासायनिक घडणच बदलतं. गुलाबी बट एका बैठकीत राणी रंगावरून फिक्या पीचवर आली. नुसत्या शाम्पूला तिथे पोचायला चार धुणी लागली. निळी बट मात्र फसवी निघाली. ओली असताना करडी दिसत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी वाळल्यावर थोडी निळाई परत आलेली. काही रंग असेच असतात, त्यांचा रंग तेवढ्यापुरता लपतो आणि हवेतला ऑक्सिजन लागला की पुन्हा उमटतो. त्यामुळे ओल्या केसांवरून निकाल लावू नका. वाळवून, खिडकीशी नेऊन बघा.

दिवस हाताशी असतील तर शाम्पू. घाई असेल आणि रंग गुलाबी, लाल, नारिंगी घराण्यातला असेल तर व्हिटॅमिन सी. निळ्या-हिरव्याला दोन्ही आळीपाळीने, आणि फार अपेक्षा न ठेवता.

तेल, सोडा आणि लिंबू

रात्रभर गरम खोबरेल तेल लावलं की रंग उतरतो असं पुष्कळजणी सांगतात. माझ्या मते तेल रंग काढत नाही. रंग जातो तो दुसऱ्या दिवशी तेल निघावं म्हणून दोन-तीनदा चोळलेल्या शाम्पूने. तरीही तेल लावाच, कारण वेगळं आहे. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी करतं, हे मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, आणि त्यात ब्लीच केलेले केसही होते. वारंवार धुवायचंच आहे तर आदल्या रात्री टोकांना तेल असावं.

सोड्याचं मात्र मला पटत नाही. तो अल्कधर्मी, त्याने केसावरचे खवले उघडतात आणि रंग निघतो हे खरं. पण ब्लीच केलेल्या केसाचे खवले आधीच उचकटलेले असतात. माझी सोड्याची बट फिकी झाली, पण वाळल्यावर भांडी घासायच्या घासणीसारखी लागत होती आणि कंगव्यात तिचे तुकडे आले. आणि सोड्यात लिंबू पिळणं म्हणजे दोघांनी एकमेकांना गप्प करणं. फसफस छान दिसते, उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. ताईला हे सांगितलं तर तिला राग आला, पण वाटीतली बट दाखवल्यावर विषय संपला.

भांड्याचं लिक्विड आणि कपड्याची पावडर याच रांगेतली. नको.

रिमूव्हर की ब्लीच वॉश?

इथून पुढे खर्चही वाढतो आणि धोकाही.

कलर रिमूव्हरच्या खोक्यात दोन बाटल्या येतात. मिसळून लावायच्या, वीस मिनिटं ठेवायच्या, सडक्या अंड्यासारखा वास सहन करायचा. हे मुळात डेव्हलपरवाल्या पक्क्या रंगासाठी बनवलेलं. आत तयार झालेले रंगाचे मोठे कण ते पुन्हा लहान करतं आणि मग धुण्याने ते बाहेर पडतात. लोक चुकतात ते धुण्यात. पाच मिनिटांत उरकलं तर आत राहिलेले कण पुन्हा जुळतात आणि दोन दिवसांत रंग परत गडद होतो. घड्याळ लावून किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. डबीतल्या रंगांवर याचा भरवसा नाही, लाल-गुलाबीवर बरेचदा चालतं, निळ्यावर क्वचित. केसाला त्रास ब्लीचपेक्षा पुष्कळ कमी. तुमचा लाल किंवा बरगंडी ट्यूब-डेव्हलपरचा असेल तर सरळ यावर पैसे घाला, व्हिटॅमिन सीच्या नादी लागू नका.

ब्लीच वॉश म्हणजे ब्लीच पावडर, २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर आणि शाम्पू समप्रमाणात घेऊन ओल्या केसांवर लावायचं मिश्रण. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याहून तीव्र घरी आणूच नये. प्लास्टिकचं भांडं आणि हातमोजे घ्या, स्टीलची वाटी नको. पाच ते दहा मिनिटं, तीही आरशासमोर नजर ठेवून. गुलाबी, जांभळ्याला हे झपाट्याने उतरवतं. निळ्याला लावलं की वरची निळाई अर्धीमुर्धी निघते, खालचा पिवळा आणखी उघडा पडतो आणि दोघांचा मिळून हिरवा होतो. माझी चौथी निळी बट पावसाळ्यातल्या शेवाळासारखी झाली, आणि तो हिरवा मग कशालाच दाद देईना.

आधी केसाची ताकद तपासा. एक ओला केस दोन बोटांत धरून हलका ताणा. ताणून परत मागे आला तर ठीक. शिजलेल्या शेवईसारखा लांबून तुटला तर ब्लीचचा विचार डोक्यातून काढा.

आपल्याकडे घरात ब्लीच नावाच्या दोन-तीन वस्तू असतात: चेहऱ्याची लव लपवायचं क्रीम, पाण्याच्या टाकीची पावडर, कपड्यांचं लिक्विड. यांतलं एकही डोक्यावर जायचं नाही. हे लिहायची वेळ यावी का असं वाटेल, पण भाचीच्या होस्टेलमध्ये एकीने चेहऱ्याच्या क्रीमची पाच पाकिटं आणली होती.

पूर्वी कधी काळी मेहंदी किंवा अनोळखी पावडरीचा कलप लावला असेल तर ब्लीच घरी नकोच. अशा काही पावडरींत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतो, कधी धूर निघतो.

झाकायचं असेल तर

आईच्या मेहंदीचा विचार मी खरंच केला. पण साधी मेहंदी ब्लीच केलेल्या केसावर भडक नारिंगी चढते, निळ्यावर गढूळ, आणि मग निघत नाही. मेहंदीवर नीळ (कपड्यांची नव्हे, इंडिगोच्या पानांची पूड) लावून काळं करायचं म्हटलं तर फिकट केसावर हिरवट झाक मारायची भीती. काळी मेहंदी म्हणून विकतात त्यात बरेचदा पीपीडी हा रासायनिक रंगच असतो. आईला हे नवीन होतं, तिने कपाटातून पाकीट काढून चष्मा लावून वाचलं.

तपकिरी चढवताना सगळ्यांची पहिली चूक शेड गडद निवडायची. ब्लीच केलेला केस टीपकागदासारखा रंग पितो, हवी त्याहून एक-दोन शेड फिकीच घ्या. दुसरी चूक ॲश लिहिलेली शेड घेणं. तिच्यात निळसर-हिरवट झाक असते, पिवळ्या केसावर ती चिखल करते. सोनेरी किंवा तांबूस तपकिरी घ्या. निळ्याचा हिरवा झालाच असेल तर आधी तांब्याच्या रंगाची झाक द्यायची, लाल हिरव्याला मारतो, आणि मग वर तपकिरी. एकदम काळा लावण्याचा मोह सगळ्यांत मोठा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गुलाबी करावासा वाटला तर सगळ्यांत महाग तोच पडतो. कुठलाही डेव्हलपरवाला रंग लावायच्या ४८ तास आधी कानामागे थेंब लावून बघा. खाज, पुरळ, सूज आली तर तो रंग लावायचाच नाही.

मग काय निवडायचं? गुलाबी-नारिंगी डबीचा रंग आणि दोन-तीन आठवडे हाताशी: शाम्पू, मध्ये दोनदा व्हिटॅमिन सी, बाकी काही नको. डेव्हलपरचा लाल: रिमूव्हर. निळा-हिरवा आणि आठवडाच उरलाय: उतरवायच्या मागे न लागता झाका, ब्लीच वॉश अजिबात नको. केस शेवईसारखे ताणत असतील तर रंगाचा विषय बाजूला ठेवून आधी कात्री. आणि दोन-चार हजार खर्चायची तयारी असेल, डोकंभर निळं असेल, तर पार्लरमध्ये जा. हिरवा झाल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं स्वस्त पडतं.

आमच्याकडे पुढच्या बटा अठरा दिवसांत पीचवर आल्या आणि त्यावर फिका सोनेरी तपकिरी नीट बसला. मागचा निळा काही हलला नाही. भाचीने तो आणखी चार बोटं कापला, उरलेला अंबाड्यात आत दुमडला आणि वर काळ्या पिना लावल्या. पिना काढल्या की अजून दिसतो.