बाळाची कोलोस्टॉमी बॅग, पाच महिने वापरून: साडेतीन स्टार

आमच्या लेकाला हर्शस्प्रंग आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात नर्व्हच्या पेशीच नाहीत, तेवढा भाग आवळलेलाच राहतो आणि शी मागे तुंबते. साधारण 5000 बाळांत एकाला होतं म्हणे. जन्मल्यावर दोन दिवस काळी शी झालीच नाही, पोट टम्म, सासूबाई बेंबीला हिंग लावतायत, आणि मग हिरवी उलटी झाली तेव्हा पळालो. बायोप्सी झाली, कोलोस्टॉमी झाली (म्हणजे ऑपरेशन करून मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात, शी तिथून पिशवीत येते) आणि या पिशव्या आमच्या घरात आल्या.

वन पीस आहे, मागे चिकटणारी चकती, भोक आपण कात्रीने कापायचं. पहिले पंधरा दिवस मी रोज कंपनीला शिव्या घातल्या, दिवसाला तीन तीन पिशव्या, दुपट्यापासून माझ्या गाऊनपर्यंत सगळीकडे शी. नंतर वॉर्डातल्या सिस्टरनी दाखवलं की भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावरच्या त्या आतड्याच्या तोंडापेक्षा, 2-3 मिमीच मोठं ठेवायचं, मी आपली ढगळ कापत होते. शिवाय सुरुवातीला सूज उतरते तसा स्टोमा लहान होतो, म्हणून माप दर आठवड्याला नव्याने घ्यायचं. आणि तेल! मालिशवाल्या मावशी पोटापर्यंत हात फिरवायच्या, तेलावर चकती कशी चिकटणार. ते बंद केलं आणि पिशवी दोन दिवस टिकायला लागली. चकती लावायच्या आधी दोन मिनिटं तळहातात धरून गरम करा, खूप फरक पडतो.

आता वाईट. क्लिप जाड आहे, मांडीला रुतते. गॅस जायला फिल्टर नाही त्यामुळे रात्री फुगा होतो, पिशवी एक तृतीयांश भरली की उठून रिकामी करायचीच. दुकानदार बिनधास्त मोठ्यांचा साइझ हातात देतात, बघून घ्या. सोबतच्या पेस्टमध्ये अल्कोहोल आहे, सोललेल्या कातडीवर पोर किंचाळलं, मी बिनअल्कोहोलची आणली.

पिशवीत एकदम पाण्यासारखी घाण वासाची शी आली, पोट फुगलं, ताप आला तर पिशवी बदलत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आतड्याचं इन्फेक्शन असू शकतं, या आजारात ते फार जोरात वाढतं.

मागच्या महिन्यात पुल थ्रू करून टाकलं, म्हणजे नर्व्ह नसलेला भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून शीच्या जागेला जोडलं, कोलोस्टॉमीपण तेव्हाच बंद केली. आता दिवसाला बारा वेळा शी, बुड लालभडक, झिंक ऑक्साइडच्या तीन क्रीम चालू आहेत, त्यांचा रिव्ह्यू वेगळा टाकते.